डीन कोर्ट: ११,३०७ खुर्च्या पुरे की वाढवायच्या?

पूलकर (धागाकर्ता)

इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलमधलं सध्याचं सगळ्यात लहान मैदान आमच्या शेजारच्या गावात आहे. बोर्नमथचं डीन कोर्ट, प्रायोजकाच्या नावाने व्हायटॅलिटी स्टेडियम. आसनं ११,३०७. वानखेडेवर याच्या जवळपास तिप्पट माणूस बसतो. मालक बिल फोली यांनी २०२५ मध्ये हे मैदान परत विकत घेतलं आणि ते २० हजारांच्या वर न्यायचा बेत जाहीर केला. तेव्हापासून ऑफिसात, न्हाव्याकडे, बसच्या रांगेत हाच विषय चालू आहे.

'परत' अशासाठी की २००५ मध्ये कर्ज गळ्याशी आल्यावर क्लबने मैदान एका मालमत्ता कंपनीला विकलं आणि तिथेच भाड्याने राहायला लागला. पुढे वीस वर्षं खेळाडू स्वतःचे, मैदान दुसऱ्याचं. त्यातले आठ हंगाम तर थेट प्रीमियर लीगमध्ये! क्लबचे मधले मालक मॅक्सिम डेमिन यांच्या काळात बाजूच्या किंग्ज पार्कमध्ये नवं स्टेडियम बांधायची टूम निघाली होती, ती बारगळली. भाड्याच्या जागेवर कोण कशाला मजला चढवेल?

माझं मत आधीच सांगतो: वाढवा. पण त्यामागचं माझं कारण पैसा नाही. टीव्हीच्या रकमेपुढे तिकीटविक्री म्हणजे चिल्लर, हे मलाही कळतं. कारण वेगळं आहे. शाळा सुटल्यावर बॉस्कमच्या मैदानात खेळणारी पोरं बघा, अंगावर लिव्हरपूल, आर्सेनल, मँचेस्टर सिटीच्या जर्सी. गावचा क्लब नवव्या क्रमांकावर येतो (२०२४-२५, ५६ गुण, क्लबचा विक्रम) आणि गावातल्या पोरांना तो प्रत्यक्ष बघायलाच मिळत नाही, कारण सीझन तिकिटं वर्षानुवर्षं त्याच घरांत आहेत. तिकीट सोडणारं कुणी नाही, म्हणून नवीन येणारंही कुणी नाही. ही पोरं तिशीची होतील तेव्हा हा क्लब कोणाचा असेल?

मंडळी, बोला.

लेखापाल_ठाणे

भावना पोचल्या. आता हिशेब.

समजा ९,००० खुर्च्या वाढल्या, सरासरी तिकीट ४० पौंड धरा आणि लीगचे १९ घरचे सामने सगळे हाउसफुल्ल. वर्षाला ६८-६९ लाख पौंड होतात. खर्च, कर, देखभाल वजा करण्याआधी. याच क्लबने २०२४ मध्ये सोलंके टॉटनहॅमला विकला, २०२५ च्या उन्हाळ्यात डीन हाउसेन रेआल माद्रिदला ५ कोटी पौंडांना, केरकेझ लिव्हरपूलला, झाबार्नी पॅरिसला. एकट्या हाउसेनचे पैसे म्हणजे त्या ९,००० खुर्च्यांची सात वर्षांची कमाई. तीही प्रत्येक सामन्याला प्रत्येक खुर्ची भरली तर.

यांचा धंदा खुर्च्यांचा नाहीच मुळी. स्वस्तात पोरगा हेरायचा, प्रशिक्षकाच्या हाताखाली पळवून पळवून तयार करायचा, चौपट दराने विकायचा. त्या यंत्राला काँक्रीट लागत नाही, स्काउट लागतात. बांधकामाचा पैसा तिकडे घाला.

मडगांवचो

लेखापालबाब, तुमच्या हिशेबात गर्दीचा आवाज कुठे धरला?

आमच्या मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर २०२५ च्या ऑक्टोबरात एफसी गोवाचा सौदीच्या अल नस्रशी सामना झाला. रोनाल्डो आला नाही, हे आधीच कळलं होतं, तरी लोक आले. गोवा २-१ ने हरला, पण ब्रायसनने गोल मारला तेव्हा जो आवाज उठला तो कुठल्या ताळेबंदात बसवणार? तेव्हा तर आयएसएल, म्हणजे आपली इंडियन सुपर लीग, कधी सुरू होणार याचाच पत्ता नव्हता. तुमच्याकडे बिचारे खुर्च्या किती ते भांडतात, आमच्याकडे लीगच शोधायची पाळी आली होती.

आणि फरक बघा. फातोर्डा सरकारी. एफसी गोवाने एक खिळा ठोकायचा म्हटला तरी परवानगी. धेंपो, साळगावकर, चर्चिल, एवढे मोठे क्लब, देशाची विजेतेपदं जिंकलेले; त्यांच्याकडे फातोर्ड्यासारखं स्वतःचं स्टेडियम होतं कुठे? बोर्नमथने जमीन परत मिळवली हीच मोठी गोष्ट. खुर्च्या नंतर.

तिरकी_चाल

डार्लिंग्टन. एवढा एकच शब्द लिहून मी जाणार होतो, पण नवीन मंडळींसाठी सविस्तर.

इंग्लंडच्या ईशान्येला लाखभर वस्तीचं गाव. क्लब चौथ्या पातळीवरचा. मालक जॉर्ज रेनॉल्ड्स यांनी २००३ मध्ये २५ हजारांचं झगझगीत स्टेडियम उभं केलं, आणि त्याला स्वतःचंच नाव दिलं. सरकते जिने, संगमरवर, सगळा थाट. येणारे प्रेक्षक जेमतेम काही हजार. शिवाय रहदारीमुळे परवाना फक्त १० हजारांचा! त्याच वर्षाच्या अखेरीस क्लब दिवाळखोरीच्या प्रशासनात. पुढची काही वर्षं धडपडून २०१२ मध्ये मैदान कायमचं सोडलं आणि क्लब नव्याने खालून सुरू झाला. आज तिथे रग्बी खेळतात.

मालकाच्या खिशावर उभ्या राहिलेल्या खुर्च्या मालक गेला की कोण भरणार?

पूलकर

@तिरकी_चाल, डार्लिंग्टनचं उदाहरण येणार हे ठाऊकच होतं. पण ते चौथ्या पातळीवर होते आणि एका उडीत २५ हजारांवर गेले. इथे पहिल्या पातळीवरचा क्लब, जागा तीच, आणि ११ चे २०.

या गावात माणूस नाही असंही नाही. १९५७ मध्ये एफए कपच्या सहाव्या फेरीत मँचेस्टर युनायटेड आलं तेव्हा याच डीन कोर्टवर २८,७९९ लोक होते. क्लब तेव्हा तिसऱ्या पातळीवर. आता बोर्नमथ, पूल आणि क्राइस्टचर्च मिळून चार लाखांची वस्ती आहे. पश्चिमेला एक्सेटरपर्यंत जा, वाटेत दुसरा वरच्या पातळीवरचा क्लब नाही.

लेखापाल_ठाणे

१९५७ ला लोक उभे राहायचे हो. हिल्सबरो मैदानावरची जीवघेणी चेंगराचेंगरी १९८९ ला झाली, तिच्यावर टेलर अहवाल आला, वरच्या पातळ्यांवर सगळीकडे खुर्ची सक्तीची झाली. तो आकडा आज तुलनेला घेऊ नका. आणि कपाचा सामना रोजचा नसतो. युनायटेडला बघायला कोण नाही येत?

अंधेरी_लोकल

उभं राहून बघायची सोय आता परत आलीय ना? रेलिंगवाल्या खुर्च्या. त्या लावल्या तर तेवढ्याच जागेत जास्त माणसं मावतील, बांधकाम कशाला?

पूलकर

@अंधेरी_लोकल, २०२२ पासून परवानगी आहे, पण एका खुर्चीमागे एकच माणूस. उभे राहा नाहीतर बसा, संख्या तीच. तो मार्ग बंद.

चिकू

मी मैदानापासून चालत दहा मिनिटांवर राहते, फुटबॉलमधलं मला ओ का ठो कळत नाही, तरी बोलणार.

सामन्याच्या दिवशी दुपारी बारानंतर मी गाडी हलवत नाही. हलवली तर परत लावायला जागा नाही. लोक कुठेही लावतात. एकदा नाइट शिफ्ट करून घरी आले तर आमच्या दाराच्या उताराला आडवी गाडी, आत पाळण्याची सीट, मालक मैदानात. पोक्सडाउन स्टेशन जवळ आहे म्हणतात, पण तिथून येणारे थोडे, गाडीने येणारे फार. आता हेच ११ चे २० हजार होणार म्हणे. किंग्ज पार्कातली झाडं, सकाळी कुत्री फिरवणारे आजी-आजोबा, त्यांचं काय? त्यांना कुणी विचारलंय का?

एक मात्र कबूल. सामना संपल्यावर आमच्या रस्त्यावरून जाणारे लोक शिस्तीचे असतात. हरले तरी 'सॉरी लव्ह' म्हणून बाजूला होतात. आणि कोपऱ्यावरच्या चिप्सवाल्याचा धंदा बघितला की वाटतं, त्याच्यासाठी तरी होऊ दे.

पूलकर

@चिकू, तुमचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. गाड्यांचा प्रश्न न सोडवता खुर्च्या वाढवल्या तर गाव क्लबच्या विरोधात जाईल. बाहेरच्या वाहनतळांवरून बस, तिकिटातच बसचं भाडं, काहीतरी करावंच लागेल. डार्लिंग्टनला परवाना १० हजारांवर अडकला तो रहदारीपायीच, हे तिरक्यांनीच लिहिलंय.

अंधेरी_लोकल

मुंबई सिटीचा माणूस म्हणून मध्ये तोंड घालतो.

आमचं मुंबई फुटबॉल अरेना, अंधेरीचं, क्षमता सात हजारांच्या आसपास. २०१४ ला पहिला सीझन डीवाय पाटीलला खेळलो, नेरुळला. एवढं मोठं मैदान की गोलमागे बसलं तर समोरचा गोल गावाबाहेर वाटायचा. २०१६ ला अंधेरीला आलो आणि चित्रच पालटलं. खेळाडू कोचला काय ओरडतो ते ऐकू येतं. शिव्या सुद्धा. आमची दोन्ही आयएसएल विजेतेपदं आणि दोन लीग शील्ड याच छोट्या घराच्या काळातली.

मग २०२३ ला सौदीचं अल हिलाल आलं आणि सामना परत डीवाय पाटीलला न्यावा लागला. नेमार दुखापतीमुळे आला नाही, तरी नेरुळ स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. म्हणजे रोजचं घर छोटं, सणावाराला हॉल भाड्याने. बोर्नमथने असंच करावं. युरोपात गेलेच तर साउदम्प्टनला खेळा.

तिरकी_चाल

बोर्नमथवाल्याला शेजारच्या वैऱ्याच्या, साउदम्प्टनच्या मैदानावर घरचा सामना खेळायला सांगताय! जिवंत आहात का अजून?

पूलकर

हाहा. @अंधेरी_लोकल, हे वाक्य आमच्या पबमध्ये बोलू नका.

शिवाय युरोपसाठी जायची गरजही नाही. युएफाच्या वरच्या श्रेणीच्या मैदानाला किमान ८,००० आसनं लागतात. तेवढी आहेत.

पण जवळिकीचा मुद्दा खरा. डीन कोर्ट ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. चारही स्टँड सुटे सुटे आहेत, कोपरे उघडे. पूर्वी मैदान दुसऱ्या दिशेला होतं, २००१ मध्ये ते काटकोनात फिरवून बांधलं; तेवढा काळ क्लब डॉर्चेस्टरला जाऊन खेळला. दक्षिणेला बरीच वर्षं स्टँडच नव्हता, २०१३ मध्ये लोखंडी सांगाड्यावर उभा केला. त्याला टेड मॅकडूगलचं नाव आहे, ज्याने १९७१ मध्ये कपाच्या एका सामन्यात एकट्याने नऊ गोल मारले. पहिल्या रांगेत बसलात तर थ्रो घेणारा खेळाडू हात लावता येईल इतक्या अंतरावर असतो. पावसात कोपऱ्यातून वारा असा आत घुसतो की अर्ध्या वेळेपर्यंत चहाचा कप हातात थंड झालेला असतो. हे कोपरे भरले तर आसनं वाढतात, वारा थांबतो, आवाज आत राहतो. आणि जवळीक जात नाही, कारण पहिली रांग जिथे आहे तिथेच राहणार.

म्हणूनच मला नव्या जागेवरच्या चकचकीत वाडग्यापेक्षा हे पटतं.

लेखापाल_ठाणे

ठीक. पण खाली घसरलात तर? हा क्लब २०२० मध्ये घसरला होता, दोन वर्षं चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या पातळीवर काढली. लूटनचं बघा. २०२३ ला वर आले, घरांच्या मधून जिना चढून आत जायचं ते केनिलवर्थ रोड सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिलं. २०२४ ला खाली, २०२५ ला आणखी खाली, थेट तिसऱ्या पातळीवर. तिकडे पॉवर कोर्टला २५ हजारांचं नवं मैदान चाललंय. तिसऱ्या पातळीवरचा क्लब ते भरणार कसं?

आणि स्वान्सी? प्रीमियर लीगमध्ये होते तोवर वाढवायच्या गोष्टी होत्या. २०१८ ला गेले, आराखडे कपाटात. वाढवलं नाही म्हणून वाचले असं म्हणा.

मडगांवचो

एइबारचं का नाही घेत? स्पेनमधलं २७ हजारांचं गाव, २०१४ मध्ये ला लिगात. मैदान इपुरुआ, पाच-साडेपाच हजारांचं. कुणी म्हणालं असतं, दुसरीकडे नवं बांधा. त्यांनी तेच हळूहळू वाढवत आठ हजारांपर्यंत नेलं. सात हंगाम टिकले, २०२१ ला खाली गेले, पण कर्जात बुडाले नाहीत. मैदान अजून गावाच्या मापाचं आहे.

तिरक्यांचं डार्लिंग्टन आणि माझं एइबार, यांच्या मध्ये कुठेतरी बोर्नमथ.

तिरकी_चाल

मडगांवचो, एइबार पटलं. पण ११ वरून २० म्हणजे एइबार नव्हे. आठ नाहीतर बारा हजारांनी कुणी मरत नाही. मी म्हणतो १५-१६ करा, पाच वर्षं थांबा.

लेखापाल_ठाणे

१५-१६ ला माझीही हरकत नाही. पण तेव्हाही पैशासाठी करताय असं सांगू नका.

बरं, नियमांची बाजू मांडतो, ती उलट तुमच्याच फायद्याची आहे. तीन वर्षांत १० कोटी ५० लाख पौंडांपर्यंतच तोटा चालायचा, या २०२५-२६ पर्यंतच्या नियमात मैदान, अकादमी यांवरचा खर्च मोजत नसत. म्हणजे श्रीमंत मालकाने खेळाडूंवर उधळलं तर शिक्षा, खुर्च्यांवर उधळलं तर माफ. २०२६-२७ पासूनचा नियम संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांत बसवायचा. त्यात तिकिटाचा प्रत्येक पौंड उत्पन्नात धरला जाईल. ६८ लाख म्हणजे एका बऱ्या खेळाडूचा वर्षाचा पगार. बस. त्यापलीकडे काही नाही. कंपन्यांना विकायच्या महागड्या बसण्याच्या जागा वाढवल्या तर गणित बदलतं, पण मग पूलकरांची बॉस्कमची पोरं पुन्हा बाहेरच.

पूलकर

हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. वाढलेल्या ९ हजारांत जेवणासह मिळणारी किती, बाहेरच्या संघाची किती आणि शाळकरी पोरांच्या खिशाला परवडणारी किती, हे जाहीर व्हायला हवं. बाहेरच्या संघाला नियमाने १० टक्के किंवा ३,०००, जे कमी असेल ते द्यावं लागतं. म्हणजे आज ११-१२शे मिळतात, उद्या २ हजार. त्यांचं तिकीट ३० पौंडांच्या वर नेता येत नाही. राहिली १८ हजार. त्यातली पाचशे तरी गावातल्या शाळांसाठी राखून ठेवा, एवढंच मागणं.

चिकू

एक विचारू? हे सगळं टीव्हीवर दिसत नाही का? मुलांनी घरी बघावं की.

पूलकर

@चिकू, शनिवारी दुपारी तीनचे सामने इंग्लंडमध्ये टीव्हीवर थेट दाखवायला बंदी आहे. पावणेतीन ते सव्वापाच. खालच्या क्लबांची गर्दी कमी होऊ नये म्हणून साठच्या दशकापासूनची रीत. आणि बोर्नमथसारख्या क्लबाचे बरेच घरचे सामने याच वेळेला पडतात, कारण टीव्हीवाले निवडून नेतात ते मोठ्यांचे.

मडगांवचो

म्हणजे मडगावात सोफ्यावर पडून मी बोर्नमथ बघतो, आणि मैदानापासून दहा मिनिटांवर राहणाऱ्या पोराला ते दिसत नाही?

पूलकर

अगदी तसंच. रेडिओ ऐकतात. नाहीतर आवाजावरून ओळखतात.

चिकू

हे खरंय. आमच्या मागच्या अंगणातून गोल झालेला कळतो. शेजारचा आठ वर्षांचा मुलगा कुंपणावर चढून 'आपला की त्यांचा' ते आवाजावरून सांगतो. बहुतेक वेळा बरोबर असतो.

लेखापाल_ठाणे

@चिकू, हा मुलगा मला एक्सेल शीटमध्ये टाकता येत नाही ही माझी अडचण आहे :)

तरीही माझी अट कायम. आधी जे केलं तो क्रम बरोबर होता, हे मान्य: कॅनफर्डचं नवं सराव-केंद्र आधी, मग जमीन, मग खुर्च्या. आता खुर्च्यांतही क्रम पाळा. एक बाजू वाढवा, दोन हंगाम ती भरते का बघा, मग दुसरी. आणि पैसा मालकाने भांडवल म्हणून घालावा, क्लबच्या डोक्यावर कर्ज म्हणून नको. २००८-०९ मध्ये हाच क्लब दंडापायी उणे १७ गुणांवर हंगाम सुरू करून लीगमधून बाहेर फेकला जायच्या बेतात होता. ग्रिम्सबीविरुद्ध म्हाताऱ्या स्टीव्ह फ्लेचरने ऐंशीव्या मिनिटाला गोल मारला म्हणून वाचले. तेव्हा हे वीस हजार खुर्च्यांचं कर्ज डोक्यावर असतं तर तेव्हाचे प्रशिक्षक एडी हाउ काय, देव आला तरी वाचले नसते.

पूलकर

भांडवल की कर्ज, हा प्रश्न मी समर्थकांच्या पुढच्या बैठकीत लेखी विचारणार आहे. @चिकू, वाहनतळाचाही विचारतो. तुम्ही येणार असाल तर उत्तम, रहिवाशांचा आवाज तिथे कमीच असतो. तारीख कळली की इथेच टाकतो.

मडगांवचो

धागा वर काढतो. डिसेंबरात पुतण्या तिकडे येतोय, साउदम्प्टनला शिकायला गेलाय तो. त्याला एक सामना दाखवता येईल का रे पूलकर?

पूलकर

क्लबचं सदस्यत्व आधी घ्यायला सांगा, त्याशिवाय रांगेतसुद्धा उभं राहता येत नाही. मग वेबसाइटवर लक्ष ठेवायचं. सीझन तिकीटवाले न येणाऱ्या सामन्याची खुर्ची परत विकायला टाकतात, ती मिळाली तर मिळाली. आणि साउदम्प्टनचा मफलर घालून येऊ नको म्हणावं.

तिरकी_चाल

वीस हजारांचं झालं की सांगा, मी पण येतो. तोवर डार्लिंग्टनचं रग्बी बघतो.